पायाच्या फुगलेल्या शिरांसाठीची व्यायाम बॅच (नौपाडा, ठाणे) : पैसे वसूल झाले का?

आमच्या नौपाड्यात एका फिजिओथेरपी सेंटरमधे व्हेरिकोज व्हेन्सवाल्यांसाठी वेगळी बॅच चालते, आठवड्यातून तीन दिवस पाऊण तास हॉलमधे व्यायाम आणि रविवारी सकाळी कचराळी तलावावर सगळ्यांनी मिळून चालायचं, फी महिन्याला 2500. पार्लरमधे येणाऱ्या निम्म्या बायका मला विचारतात की ताई तुझे पाय कसे काय बरे झाले, तर प्रत्येकीला आयब्रो करता करता सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, पाय बरे वगैरे झालेले नाहीत. डाव्या पोटरीवरची ती जाडजूड निळी-हिरवी वळणं होती तिथेच आहेत, एक मिलिमीटर इकडची तिकडे झालेली नाही, आणि व्यायामाने ती जातही नाहीत हे बॅचच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. गेलंय ते संध्याकाळचं जडपण, घोट्याजवळची सूज (पूर्ण नाही पण बरीचशी), आणि रात्री पोटरीत गोळा येऊन किंचाळत उठणं. आता एवढ्यासाठी महिन्याला अडीच हजार द्यायचे का? माझं मत, पहिला महिना डोळे झाकून द्या, दुसरा जमला तर द्या, तिसऱ्याला देऊ नका कारण तोवर सगळं शिकून झालेलं असतं आणि पुढे फक्त सोबतीचे पैसे असतात.

सेंटरचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला रोज त्याच गल्लीतून जायचंय.

माझं काम कसं ते सांगते म्हणजे कळेल. आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक दातात, बाई खुर्चीत मागे रेललेली, मी तिच्या डोक्यामागे वाकलेली आणि अंगाचा सगळा भार डाव्या पायावर, कारण उजवीकडे ट्रॉली असते. असं वर्षानुवर्षं. लग्नसराईत तर सकाळी आठला नवरीच्या घरी जाऊन उभी राहिले की करवल्या, मावश्या, आत्या सगळ्यांच्या हेअरस्टाइल होईपर्यंत दुपार होते आणि त्यात कोणी बसा म्हणत नाही, चहा मात्र चारदा विचारतात. चालणं शून्य, नुसतं उभं राहणं. बॅचमधे बघितलं तर सगळे असेच, एक पोळीभाजी केंद्रवाल्या काकू, एक साडीच्या दुकानात काउंटरला उभे असणारे दादा, एक शाळेतल्या बाई, एक रिटायर झालेले एसटीचे कंडक्टर काका, आणि एक आयटीतली मुलगी, ती उलट दिवसभर बसून असते. म्हणजे उभं राहणारे पण आणि बसणारे पण, न हलणारे सगळे एका बाकावर. शिवाय आई-आजीला होत्या म्हणून आपल्याला झाल्या, बाळंतपणांत वाढल्या, हेही निम्म्या जणींचं होतंच.

आता चांगलं काय ते. सगळ्यात आवडलं ते म्हणजे मॅडम (माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील, पण मॅडमच म्हणतो सगळे) डॉप्लरचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत. माझा होता. ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी, ही सोनोग्राफीसारखीच असते, जेल लावून, फक्त उभं करून करतात, पोटरी दाबून सोडतात आणि स्क्रीनवर बघतात की वर गेलेलं रक्त परत खाली येतंय का आणि किती वेळ. वरवरच्या शिरांमधे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर शिरेतली झडप (रक्त खाली परत येऊ न देणारी) गळतेय असं धरतात. माझ्या रिपोर्टमधे डाव्या मांडीपासून घोट्यापर्यंत जाणारी मोठी शीर, ग्रेट सॅफेनस म्हणतात ती, गळकी निघाली आणि आतल्या खोल शिरा स्वच्छ, कुठे गुठळी नाही. हे आतलं स्वच्छ असणं महत्त्वाचं.

मग मॅडमनी पावलावर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी बघितली. मला वाटलं हे काय वैद्यासारखं. पण त्याचं कारण असं की पायाला रक्त आणणाऱ्या रोहिण्याच अरुंद झालेल्या असतील (डायबेटिस, सिगारेट) तर घट्ट स्टॉकिंग (फुगलेल्या शिरांसाठी घालतात ते पाय आवळून धरणारे लांब मोजे) घातल्याने उलट नुकसान होऊ शकतं. आमच्याबरोबर आलेल्या एका काकांची नाडी नीट लागेना, डायबेटिस जुना आणि बिडी चालू, त्यांना तिथूनच परत पाठवलं. काका भडकले.

"अहो मॅडम, मी पैसे भरलेत."

"काका, पैसे आत्ता परत देते, पण आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. ते हो म्हणाले की त्याच फीमधे घेते."

फी परत केली समोर, मोजून. ठाण्यात असं करणारं दुसरं कोणी मी तरी बघितलं नाही, म्हणून खालच्या तक्रारी वाचताना हे लक्षात ठेवा.

समजावून पण छान सांगतात. फळ्यावर पाय काढला आणि म्हणाल्या की बीपीच्या मशीनवर जो पारा बघता त्याच पाऱ्यात मोजायचं तर नुसतं स्थिर उभं राहिल्यावर घोट्याजवळच्या शिरेतला दाब 80-90 पर्यंत जातो, कारण हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार तिथे येतो. आणि चालायला लागलं की पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आतल्या शिरा पिळतो, रक्त वर ढकललं जातं, झडपा बंद होऊन ते खाली येऊ देत नाहीत आणि निरोगी पायात दाब 30 च्या खाली उतरतो. आपल्या पायात झडपा गळक्या म्हणून तेवढा उतरत नाही, पण उभं राहण्यापेक्षा बराच बरा. म्हणजे पोटरी हाच पायाचा पंप. झडप व्यायामाने दुरुस्त होत नाही, पंप मात्र दणकट करता येतो, सगळी बॅच या एका वाक्यावर चालते. मला हे ऐकून फार बरं वाटलं कारण घरी सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा एकच सल्ला, पाय दुखतात ना मग चालू नकोस, बस जरा. बसायचं तर पाय वर घेऊन बसायचं, खाली सोडून बसलं की तिथेही तेच, दाब थोडा कमी एवढंच.

आता मुख्य व्यायाम, ज्यासाठी मी म्हणते पहिला महिना द्याच. टाचा उचलणं. यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत आणि वाटतं त्यात काय शिकायचं, खुर्चीची पाठ धरायची आणि टाचा वर खाली. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना करायला लावलं आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या. आम्ही सगळे धपाधप. मग एकेकाजवळ येऊन सांगायला लागल्या. काकू अर्ध्याच वर जात होत्या, कंडक्टर काका उसळी मारून वर आणि पिठाचं पोतं टाकल्यासारखे खाली, मी वर गेले की माझे घोटे बाहेरच्या बाजूला कलायचे, करंगळीवर भार. बरोबर असं, दोन आकड्यांत पूर्ण वर, अंगठ्याच्या मागच्या चवड्यावर भार ठेवून, वर एक क्षण थांबायचं, पोटरी कडक झालेली हाताने चाचपायची, आणि मग तीन आकडे मोजत हळू खाली. श्वास रोखायचा नाही, वर जाताना सोडायचा. खुर्चीला नुसती बोटं लावायची, लटकायचं नाही. असे दहा झाले की माझी पोटरी थरथरायला लागली, आणि त्याआधी मी घरी पन्नास पन्नास करायचे आणि काही वाटायचं नाही. तो फरक व्हिडिओ बघून कळत नाही, कोणीतरी आपल्या घोट्याकडे बघायला लागतं. दहाचे तीन सेट, मधे एक मिनिट घोटे गोल फिरवत बसायचं, मग हळूहळू पंधरा करायचे, आणि खूप नंतर एका पायावर.

बाकीचे व्यायाम झटपट सांगते. पाठीवर झोपून पाऊल आपल्याकडे ओढायचं आणि लांब न्यायचं (हे तर अंथरुणातही होतं), झोपून सायकल, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून मागचा पाय ताठ ठेवून पोटरी ताणणं, शेवटी दहा-पंधरा मिनिटं पाय भिंतीला लावून पडून राहणं, आपलं योगासनांतल्या विपरीत करणीचं सोपं रूप, ढुंगणाखाली उशी घेऊन. हा शेवटचा भाग सगळ्यांना प्रिय, कंडक्टर काका तिथे नियमित घोरतात. जड वजनं श्वास कोंडून उचलायची नाहीत, कारण पोटात दाब वाढला की शिरांतलं रक्त वर जायला अडतं. पूजेला किंवा जेवायला मांडी घालून तासभर बसलात तर मधे उठून दोन फेऱ्या मारा. एवढंच, काही अवघड नाही.

घोटे कडक असले की पंप नीट चालत नाही हे मला नवीन होतं. काकूंचा घोटा जुन्या फ्रॅक्चरमुळे अर्धाच वाकायचा, त्यांना महिनाभर घोट्याचेच व्यायाम जास्त दिले आणि त्यांच्या पायाची सूज माझ्यापेक्षा आधी उतरली. म्हणजे सगळ्यांना एकच साचा नाही, हा एक प्लस पॉइंट.

रविवारचं कचराळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पाचपाखाडीत महापालिकेच्या मुख्यालयाला लागून असलेला छोटा तलाव, भोवती चालायचा ट्रॅक. तलावपाळीपेक्षा इथे चालायला बरं, कारण तलावपाळीला चालायला गेलं की पाणीपुरीच्या गाडीशी संपतं. कचराळीला सकाळी गर्दी असते, ज्येष्ठ नागरिकांचे ग्रुप तीन-तीन जण आडवे चालतात आणि राजकारण चालू, त्यांना ओलांडून जाताना जो वेग येतो तो आपला योग्य वेग असं आमच्या साडीवाल्या दादांचं मत. मॅडमचं माप असं की चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. टाच आधी टेकवायची, मग पाऊल, आणि शेवटी चवड्याने जमीन मागे ढकलायची, ते ढकलणं झालं नाही तर पोटरी काम करतच नाही. पावलं घासत चालणाऱ्यांना मॅडम मागून आवाजावरून ओळखतात.

आणि चपला. आमच्यातल्या अर्ध्या बायका रबरी स्लिपर घालून आल्या होत्या, त्यात स्लिपर सुटू नये म्हणून बोटं आवळून धरतो आणि टाच नीट उचललीच जात नाही. मॅडमनी सांगितलं की पाय घट्ट धरणारं काहीही घाला, सँडल चालेल, महागडे शूज नकोत. मी माझ्या मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट साडीखाली घातले. पहिल्या रविवारी लाज वाटली, नंतर बघितलं तर तिथे निम्म्या आज्या नऊवारी-पाचवारीवर स्पोर्ट्स शूज घालून असतात आणि कोणाला काही पडलेली नाही. सलग अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला, आमच्यासारख्यांना तेच जास्त बरं कारण मधला उभं राहण्याचा काळ तुटतो. चालून झालं की अर्धी बॅच मामलेदारची मिसळ खायला जाते. वजन कमी करा असं मॅडम सांगून सांगून थकल्या, पण रविवार आहे आणि मामलेदार आहे, काय करणार.

पावसाळ्यात मात्र रविवारचं बारगळतं. जुलैमधे ट्रॅक निसरडा, छत्री धरून हात हलत नाही, आणि मॅडमनी त्यावर काही पर्याय काढलेला नाही, ग्रुपवर सरळ मेसेज येतो "उद्या रद्द". फी तेवढीच. आम्ही काही जणी मग मॉलमधे जाऊन चाललो, एसी, सपाट फरशी, दुकानं उघडायच्या वेळेला गर्दी नसते. ज्यांच्या बिल्डिंगला लांब पॅसेज आहे त्यांनी तिथे. आणि जिने. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, त्याबद्दल लोक रिव्ह्यूमधे रडलेत पण मला ती तक्रार वाटत नाही, जिना चढताना पोटरी छान पिळली जाते. गुडघेवाल्यांचं वेगळं, त्यांनी आधी फोन करून विचारा.

आता खऱ्या तक्रारी.

एक, काउंटरवरचा माणूस. मॅडम एकदम सरळ आणि बाहेर फी घेणारा हा इसम एकदम सेल्समन. आत मॅडम सांगतात शिरा जाणार नाहीत आणि बाहेर भिंतीवर बॅनर, "ऑपरेशनशिवाय शिरा गायब". मी मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या मालकांनी लावलाय. मग ते पायाला हवेचे बूट घालून दाबायचं मशीन, दहा सिटिंगचं पॅकेज, प्रत्येक वेळी फी भरायला गेलं की त्याचा विषय. काकूंनी घेतलं. पाय हलके वाटतात त्या दिवशी, नाही असं नाही, पण काकूंच्या भाषेत सांगायचं तर "पैसे पण हलके झाले". मॅडमनी कधीच कोणाला ते घ्या म्हटलं नाही, यावरून काय ते समजा.

दोन, स्टॉकिंग. सेंटरमधे मिळतात आणि तुम्ही आत जायच्या आधीच विकायचा प्रयत्न होतो, तेही स्मॉल मीडियम लार्ज असं नजरेने माप काढून. असं घेऊ नका. सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आधी माप घ्यायचं असतं, घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग आणि टाचेपासून गुडघ्याखालपर्यंत उंची. मी टेप घेऊन घरी मापं घेतली आणि स्टेशनजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून घेतले, जवळजवळ चारशे रुपये स्वस्त. बॉक्सवर नुसता "क्लास 2" बघून घेऊ नका, पाऱ्याचा आकडा बघा. जर्मन पद्धतीत क्लास 2 म्हणजे घोट्यावर 23 ते 32, ब्रिटिश पद्धतीत क्लास 2 म्हणजे 18 ते 24, म्हणजे नाव तेच आणि आवळणं वेगळं. किती हवं ते डॉक्टरांना विचारा, दुकानदाराला नको.

घालायचं तंत्र मात्र मॅडमनी फुकट शिकवलं. अंथरुणातून पाय खाली सोडायच्या आधी घालायचे. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून वर सरकवायचे म्हणजे नखं लागत नाहीत आणि पकड येते. वरचा काठ दुमडून ठेवायचा नाही, तिथे दोरी बांधल्यासारखं आवळतं. आणि जोडवी! माझी जुनी जोडवी एका बाजूने उचकटलेली होती, नव्या कोऱ्या स्टॉकिंगला पहिल्याच दिवशी धागा निघाला. पैंजण पण काढावे लागतात, आत राहिले तर कातडीत रुततात. शेवटी मी बोटं उघडी राहतात तो प्रकार घेतला, जोडवी वाचली आणि घरातली चर्चा पण वाचली. रात्री काढून हाताने साध्या साबणाने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलमधे गुंडाळून दाबायचे आणि सावलीत वाळत टाकायचे. चार-सहा महिन्यांत सैल पडतात, मग नवीन. मे महिन्यात ठाण्याच्या घामात ते घालून फेशियलची वाफ देत उभं राहणं काय असतं ते मला विचारू नका.

बाय द वे, स्टॉकिंग हा कायमचा इलाज आहे असं कोणी सांगत असेल तर ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ज्यांच्यावर लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी वगैरे प्रोसिजर (गळकी शीर आतून उष्णतेने बंद करणं) करता येण्यासारखी आहे त्यांना नुसत्या स्टॉकिंगवर ठेवू नये. मला सर्जननी सांगितलंय की तुझी शीर लेझरने बंद करता येईल, घाई नाही, कातडी अजून चांगली आहे, व्यायाम चालू ठेव आणि सहा महिन्यांनी ये. म्हणून मी बॅचमधे. शाळेतल्या बाईंच्या घोट्याजवळची कातडी काळपट-तांबूस आणि टणक झाली होती, खाजायची, त्यांना मॅडमनी सांगितलं की तुम्ही नुसत्या व्यायामावर थांबू नका, हे जखमेकडे जाणारं लक्षण आहे, आणि त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत प्रोसिजर करून घेतली. दुसऱ्याच दिवसापासून त्यांना चालायला लावलं होतं. आता त्या परत बॅचला येतात आणि स्टॉकिंग न घालणाऱ्यांना शाळेसारखंच रागावतात.

तीन, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. व्यायामाचे व्हिडिओ टाकायला काढलाय म्हणे. रोज पन्नास गुड मॉर्निंग, त्यात कोणीतरी टाकतं की शिरांवर गरम तेलाने जोरात मालिश करा किंवा जळवा लावा, आणि मॅडम संध्याकाळी येऊन "कृपया करू नये" लिहितात, तोवर चार जणांनी फॉरवर्ड केलेलं असतं. मी म्यूट केलाय.

पार्लरमधे काय बदललं ते सांगते, कारण बॅच आठवड्यातून तीन तास आणि काम साठ तास, खरा फरक तिथेच पडतो. हेअर कलर लावला की तीस-पस्तीस मिनिटं थांबायचं असतं, त्या वेळात आधी मी काउंटरला टेकून मोबाइल बघायचे, आता टाचा उचलते आणि दाराबाहेर दोन चकरा मारून येते. कस्टमर विचारतात, मग त्या पण खुर्चीत बसल्या बसल्या घोटे हलवायला लागतात. ट्रॉली डावीकडे घेतली, एवढ्या साध्या गोष्टीने डाव्या पायावरचा भार कमी झाला, आणि फेशियलसाठी चाकांचं उंच स्टूल आणलं. गौरी-गणपतीला उकडीचे मोदक उभ्याने न करता डायनिंग टेबलवर परात घेऊन केले, मधे मधे उठून नैवेद्याच्या निमित्ताने फिरले, सासूबाईंनी एकदा बघितलं, काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याही टेबलावर आल्या. लोकलने जाणाऱ्यांसाठी, ती आयटीतली मुलगी ठाणे ते दादर उभी असते तेव्हा हँडल धरून टाचा उचलते, गर्दीत तेवढीही जागा नसेल तर चपलेच्या आत बोटं आवळते आणि सोडते.

कोणी जाऊ नये ते पण लिहिते. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखतेय, गरम लालसर लागतेय, तर व्यायाम, मालिश काही न करता त्याच दिवशी डॉक्टर, आतल्या शिरेत गुठळी असू शकते, आणि त्याबरोबर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. वरवरची शीर दगडासारखी कडक होऊन ठणकायला लागली तरी दाखवाच. पायावर जखम असेल तर बॅचमधे घेत नाहीत, आधी ड्रेसिंगवाले डॉक्टर. आणि फुगलेली शीर खरचटून रक्ताची धार लागली तर घाबरून उभं राहू नका, आडवं व्हा, पाय वर करा आणि स्वच्छ कापडाने दाबून धरा, उभ्या माणसाचं ते रक्त थांबता थांबत नाही. हे मॅडमनी आम्हाला एकमेकांच्या पायावर करून दाखवायला लावलं होतं.

रेटिंग द्यायचं तर मॅडमना पाचपैकी पाच, सेंटरला तीन, बाहेर बसलेल्या इसमाला मी मार्क देणार नाही. घेणार असाल तर सकाळची सातची बॅच घ्या. संध्याकाळच्या बॅचच्या आधी त्याच हॉलमधे झुंबा असतो, तो कधीच वेळेवर संपत नाही, आमची दहा मिनिटं जातात, फरशी ओली असते आणि खुर्च्या कोपऱ्यात रचलेल्या, त्या आपणच काढायच्या. रिपोर्टची झेरॉक्स बरोबर न्या, ओरिजिनल देऊ नका, माझा अजून त्यांच्याच फायलीत आहे.